उत्तर: १९ फेब्रुवारीच्या फलकावर शुक्रवार की मंगळवार?

तुमची पोस्ट वाचून हसू आलं, कारण हाच वाद आमच्या वाचनालयाच्या पायरीवर मी ऐकलाय. तुम्ही सोसायटीच्या दिनविशेष फलकावर 'शिवजन्म, शुक्रवार, १९ फेब्रुवारी १६३०' लिहिलंत, एका काकांनी मोबाईलवर १६३० साल काढून मंगळवार दाखवला, आणि आता ग्रुपवर तुमची धुलाई चालू आहे. फलक पुसू नका. तुमचं बरोबर आहे.

मोबाईल आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर तसंच मागे मागे नेतो. शिवजन्माची १९ फेब्रुवारी मात्र जुन्या ज्युलियन कॅलेंडरची आहे. सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचा फरक होता, म्हणजे आजच्या हिशेबाने तो दिवस १ मार्च १६३०. काकांना म्हणावं, आता १ मार्चचा वार काढा. शुक्रवारच येतो. जेधे शकावलीतही (जेधे घराण्याकडच्या जुन्या तारखांच्या नोंदींत) फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार अशीच नोंद आहे. तिथी की तारीख या भांडणात मी पडणार नाही, त्यावर इथे पानंच्या पानं लिहून झाली आहेत. फक्त उत्तरेकडचं पंचांग हाताशी असेल तर त्यात हीच तिथी चैत्र कृष्ण तृतीया म्हणून सापडेल, तेव्हा घाबरू नका.

याच तारखेच्या बाकीच्या नोंदींतही ही भानगड आहे. कोपर्निकसचा जन्म १९ फेब्रुवारी १४७३, पोलंडमधल्या तोरुनचा. तेव्हा ग्रेगोरियन कॅलेंडर जन्मालाच आलेलं नव्हतं, ते आलं १५८२ साली. रशियाच्या झारने भूदासांना मुक्त केलं ती १९ फेब्रुवारी १८६१ रशियातल्या जुन्या कॅलेंडरची, बाहेरच्या जगात त्या दिवशी ३ मार्च होता. अशी नोंद घेतलीत तर कंसात 'जुनी गणना' एवढं लिहा, किंवा सरळ सोडून द्या. मी सोडतो.

आता खरं सांगायचं ते. मला सगळ्यात महाग पडली ती शिवाजी महाराजांची तारीख नव्हे की कोपर्निकसची नव्हे, आमच्याच गावातल्या एका भजनी बुवांची. वाचनालयाची छापील दिनदर्शिका निघायची होती आणि बुवांची पुण्यतिथी त्यात हवी, असं समितीचं म्हणणं. घरच्यांना तिथी पाठ, तारीख नाही. म्हणून मृत्यूनोंदीचं रजिस्टर ज्या कार्यालयात असतं तिथे गेलो. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. उतारा मागितला तर एका कागदावर नाव आणि एकच तारीख लिहून दिली. काउंटरवर रजिस्टर उघडं होतं, उलट्या बाजूने मला दोन रकाने स्वच्छ दिसत होते: मृत्यूचा दिनांक आणि नोंदणीचा दिनांक. यातली कुठली, म्हणून विचारलं. उत्तर मिळालं, "तुम्हाला तारीखच हवी होती ना? दिली की." रीतसर अर्ज केला. साहेब दौऱ्यावर, मग साहेब बदलले, मग अर्ज 'वर' गेला. 'सदर विषय या कार्यालयाशी संबंधित नाही' हे लेखी उत्तर आलं तेव्हा दिनदर्शिका छापून वाटूनही झाली होती.

कागदावरची तारीख अर्थातच नोंदणीची होती. बुवांची सून दिनदर्शिका हातात घेऊन वाचनालयात आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "आमच्या मामंजींना तुम्ही आठवडाभर जास्त जगवलंत." मग दोन मुलं बसवून उरलेल्या प्रतींवर चिकटपट्ट्या लावल्या. वाटलेल्या प्रती अजून घराघरांत लटकत असतील.

कायद्यातलं मला फार कळत नाही, आता दाखले ऑनलाइनही मिळतात, आणि तुमच्या इथे कदाचित भला माणूस भेटेल. पण स्थानिक माणसाची तारीख आधी घरी विचारा, तिथी मिळाली तर जुन्या पंचांगावरून तारीख काढा, आणि कार्यालयाचा कागद पडताळणीपुरता ठेवा. जन्मतारखांचंही तेच. जुन्या पिढीतल्या कोणाचा वाढदिवस १ जून दिसला की समजायचं, शाळेत घालताना गुरुजींनी ठोकून दिलेली तारीख आहे.

तुम्ही संगीताच्या नोंदी विचारल्यात. तुमच्या यादीत 'एडिसनने ग्रामोफोनचा शोध लावला, १९ फेब्रुवारी १८७८' असं आहे, ते आधी दुरुस्त करा. त्या दिवशी फोनोग्राफचं पेटंट मंजूर झालं. अर्ज २४ डिसेंबर १८७७ चा, आणि यंत्र त्याआधीच बोललं होतं. शिवाय एडिसनचं यंत्र म्हणजे नळकांड्यावर गुंडाळलेला कथलाचा पत्रा. सपाट तबकडीचा ग्रामोफोन पुढे बर्लिनरने आणला, आणि १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानचं गाणं उतरलं ते तबकडीवर. फलकावर 'फोनोग्राफला पेटंट' एवढं लिहिलंत की कोणी बोट ठेवणार नाही.

पंकज मलिक यांचं निधन १९ फेब्रुवारी १९७८ चं. ही नोंद मी कधीच चुकवत नाही. आमच्याकडे त्यांना सैगलच्या जमान्यातला गायक म्हणूनच ओळखतात, पण महालयाच्या, म्हणजे दुर्गापूजेआधीच्या अमावास्येच्या, पहाटे कलकत्ता रेडिओवर लागणाऱ्या 'महिषासुरमर्दिनी' या कार्यक्रमाचं संगीत त्यांचं, हे लिहिलं की बंगाली शेजारी थांबून वाचतात. इटालियन संगीतकार आणि चेलोवादक बोक्केरिनीचा जन्मही याच दिवशीचा, १७४३, लुका गावचा. एसी/डीसी या रॉक बँडचा गायक बॉन स्कॉट १९८० साली याच दिवशी लंडनमध्ये गेला. इमारतीत गिटारवाली पोरं असतील तर लिहा, नाहीतर जागा वाया जाते. परदेशी संकेतस्थळांवर अशी पन्नास नावं मिळतील, ती सगळी उतरवून काढणाऱ्यांचे फलक कोणी वाचत नाही असं माझं मत. पाच ओळी पुरे.

त्या पाचांत एक ओळ नामदार गोखल्यांची ठेवा. १९ फेब्रुवारी १९१५ ला ते पुण्यात गेले, वय अवघं ४८. शिवजयंतीच्या गर्दीत दरवर्षी त्यांचं नाव गळतं. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरला १९२५ साली याच तारखेला जन्मलेले शिल्पकार राम सुतारही घ्या. आणि गोखल्यांना तळाची ओळ देऊ नका. त्या दिवशी फलकाखाली महाराजांची तसबीर आणि हार ठेवतात, त्यात खालच्या दोन ओळी झाकल्या जातात.