निशाणी ५ फेटाळली, आता अपील करू का?

वडिलांच्या माघारी सातबारावर तुमचं आणि थोरल्या भावाचं नाव, वाटप झालेलं नाही, भाऊ जमीन विकायला निघालाय. वाटपाच्या दाव्यात विक्री थांबवण्यासाठी तुम्ही केलेला तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज (कोर्टात त्यालाच ‘निशाणी ५’ म्हणतात) फेटाळला गेला, म्हणून अपिलाचं विचारताय.

करा, पण आधी मुदत बघा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ४३ नियम १(आर) खाली जिल्हा न्यायालयात ३० दिवसांत जावं लागतं. आदेशाची नक्कल मिळायला गेलेले दिवस त्यातून वजा होतात, तेव्हा नकलेचा अर्ज आजच टाका. अपिलासोबत नुसता ‘स्टे’ मागू नका. फेटाळलेल्या अर्जाला स्टे मिळून हाती काय येणार? अपील निकाली निघेपर्यंत भावाला विक्रीची मनाई मागा.

अपील म्हणजे त्याच अर्जाची नव्याने सुनावणी, ही समजूत मात्र सोडा. वँडर विरुद्ध अँटॉक्स (१९९०) या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की खालच्या कोर्टाचं मत कागदपत्रांवरून निघू शकणारं असेल, तर केवळ आपलं मत वेगळं आहे म्हणून वरच्या कोर्टाने ते फिरवू नये. त्यामुळे ‘अन्याय झाला’ असं दहा पानं लिहून भागत नाही. कुठला फेरफार (सातबारावरच्या नावांतल्या बदलाची नोंद) वाचलाच नाही, भरून न येणाऱ्या नुकसानीचा विचार कुठे सुटला, तेवढंच नेमकं दाखवा.

माझ्या मते अपिलापेक्षा तातडीचं काम वेगळंच आहे: दाव्याची नोटीस नोंदवणं. ‘विक्री झाली तरी मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५२ आहेच, खरेदीदारावर दाव्याचा निकाल बंधनकारक राहील’ असं म्हणून कोर्टं पुष्कळदा मनाई नाकारतात. पण महाराष्ट्रात या कलमाला स्थानिक दुरुस्ती आहे. दाव्याची नोटीस, म्हणजे लिस पेंडन्स, दुय्यम निबंधकाकडे नोंदवली तरच ते संरक्षण मिळतं. आमच्या घरच्या दाव्यात हे कुणी सुचवलंच नाही. चुलत्यांनी मधल्या काळात आपला हिस्सा विकला आणि खरेदीदार म्हणाला, मला दाव्याची गंधवार्ता नव्हती. त्याला पक्षकार करण्यातच दोन वर्षं गेली.

अपील हरलात तर दुसरं अपील नाही, हायकोर्टात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली रिट याचिका तेवढी उरते. मूळ दावा अपिलामुळे थांबत नाही, त्याच्या तारखा चुकवू नका.

निकालपत्रात कलम ५२ चा उल्लेख आहे का, ते बघून आदेशाच्या तारखेसह कळवा.