जुन्या स्टुडिओ फोटोत आबाजींची बेरे टोपी काळी दिसते, म्हणजे ते रणगाड्यावर होते का?

तेवढ्यावरून नाही सांगता येत. रणगाडा दलाची बेरे काळी असते हे खरं, पण तुमचा फोटो कृष्णधवल आहे. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल रंग उमटतच नसे, त्यामुळे मरून टोपीही काळी दिसते. गडद हिरवी तर कोणत्याही फिल्मवर काळपटच येते. निळा मात्र फिका पडतो. फोटोवर हातानं रंग भरलेला असेल तर त्यावर अजिबात जाऊ नका. तो स्टुडिओवाल्याच्या मनाचा.

बिल्ला बघा. तो धुरकट दिसतो म्हणता, पण बरेचदा दोष काचेचा असतो. फ्रेम ओसरीत सावलीला न्या, काचेवरचं कुंकू कोरड्या फडक्यानं पुसा, मोबाइल किंचित तिरपा धरून टोपीचाच फोटो घ्या. मागचे चुके काढून पुठ्ठा उघडणार असाल तर सांभाळा. पावसाळ्याच्या ओलीनं फोटोचा जिलेटिनचा थर काचेला धरतो आणि ओढला की चेहरा काचेवरच राहतो. चिकटलेला असेल तर काचेसकट स्कॅन करा, टोपीचा भाग १२०० डीपीआयवर.

बिल्ल्यात आधी वरचं टोक पाहा. राजमुकुट असेल तर काळ १९५० च्या आधीचा, अशोकस्तंभाचे सिंह असतील तर नंतरचा. मग मधलं चिन्ह. बिगुल दिसला तर मराठा लाइट इन्फंट्रीकडे बोट जातं, तोफ म्हणजे तोफखाना, एकमेकींवर तिरप्या दोन मशीनगन म्हणजे महार रेजिमेंट. ही रेजिमेंट १९४१ साली बेळगावला उभी राहिली आणि १९४६ मध्ये तिचं केंद्र नागपूरजवळ कामठीला आलं, म्हणून आपल्या विदर्भातल्या घरांत हा बिल्ला सापडण्याची शक्यता बरीच. बिल्ला डाव्या डोळ्यावर हवा. उजव्यावर असेल आणि छातीवरच्या फितीही उजवीकडे असतील, तर निगेटिव्ह उलटी ठेवून छापलेली आहे.

तुम्ही लिहिलंय की फोटोच्या मागं यवतमाळच्या स्टुडिओचा ‘सी. पी. अँड बेरार’ (मध्य प्रांत आणि वऱ्हाड) असा शिक्का आहे. हा प्रांत २६ जानेवारी १९५० ला मध्य प्रदेश झाला आणि १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला. म्हणजे फोटो बहुधा १९५० च्या आधीचा. बहुधा अशासाठी, की जुना शिक्का कोणी लगेच फेकत नाही. मुकुट आणि शिक्का दोन्ही जुळले तर मात्र शंका नको. (पत्त्यात सहा आकडी पिनकोड असता तर फोटो १९७२ च्या अलीकडचा.)

घरात त्याहून जुना फेटेवाला फोटो निघाला, तर बिल्ला डोक्यावर शोधत बसू नका. खांद्यावरची पितळी अक्षरं वाचा. १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ हे आकडे १९२२ पूर्वीच्या मराठा पलटणींचे. १११ ही महार पलटण, १९१७ ते १९२१ एवढीच टिकली.

बिल्ला कशाशीच जुळला नाही तर पोलीस आणि होमगार्डचे बिल्लेही ताडून पाहा; बेरे त्यांच्याही डोक्यावर असते. फौजेचाच निघाला तर पेटीतलं डिस्चार्ज बुक किंवा पेन्शनचा कागद शोधा. त्यावरचा आर्मी नंबर घेऊन यवतमाळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलात की कोणत्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करायचा ते तिथं सांगतील. नुसत्या फोटोवर ती माणसंही फार काही करू शकत नाहीत.