तळघरातील ओल आणि झरोके

प्रश्न : अमळनेर येथील आमच्या जुन्या वाड्याच्या तळघराची जमीन मातीची असून रस्त्याच्या बाजूस दोन झरोके आहेत. पावसाळ्यात ते दिवसभर उघडे ठेवूनही भिंतींना ओल येते आणि चुन्याचे पोपडे सुटतात. झरोके बुजवून आतून सिमेंटचा गिलावा करावा, असे गवंडी सुचवतो. तसे करावे का?

उत्तर : कृपया यांपैकी काहीही करू नये. सिमेंटने ओल जात नाही. चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडणारी वाफ अडते, पाणी भिंतीतच वर चढते आणि भिंतीत रुतलेली सागवानी तुळयांची टोके कुजू लागतात. ही टोके आधी टोचणीने तपासावीत, कारण तेथील हानी बाहेरून फार उशिरा दिसते.

ओल कोठून येते, हे कळण्यासाठी दीड फूट चौरस जाड प्लॅस्टिक जमिनीवर पसरून, कडांवर दगड ठेवून एक दिवस-रात्र राहू द्यावे. थेंब खालून धरले, तर ओल जमिनीतली. वरून धरले, तर हवेतली.

तापीच्या खोऱ्यातील काळी माती पाणी धरून ठेवते, त्यामुळे थेंब बहुधा खालीच आढळतील. तसे असल्यास धाब्याच्या पन्हाळीचे पाणी पायापासून दूर न्यावे, मोरीची गळती थांबवावी आणि भिंतीलगतच्या जमिनीला बाहेरच्या बाजूस ५० फुटांस एक फूट या प्रमाणात उतार द्यावा. त्यानंतरच आतल्या मातीवर २५० मायक्रॉनचे प्लॅस्टिक, जोडांवर फूटभर एकावर एक घेऊन अंथरावे. बाहेरचे पाणी न वळवता नुसती जमीन झाकल्यास तीच ओल भिंतींकडे सरकते, आणि मग दोष प्लॅस्टिकला दिला जातो.

झरोक्यांचा उपयोग ऋतू पाहून करावा. २८ अंश तापमानाची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा २४ अंशांच्या गार भिंतीला लागताच तिच्यातील वाफेचे पाणी होते; म्हणजे श्रावणातील दमट दिवशी उघडा झरोका तळघरात ओलच आणतो. तेव्हा ते लावून घ्यावेत. दिवाळीनंतर खानदेशातील हवा कोरडी होते. तेव्हापासून मृगापर्यंत, अवकाळी पावसाचे दिवस वगळून, दोन्ही झरोके जाळी लावून उघडे ठेवावेत. भिंती असा एक उन्हाळा सुकल्यावरच सुटलेले पोपडे काढून पुन्हा चुन्याचाच गिलावा करावा.