काशाच्या वाटीने तळपाय घासायला सुरुवात करताय तर

ताई, पहिल्याच दिवशी जोर लावू नका. वाटी काशाचीच घ्या, म्हणजे तांबं आणि कथिल, पितळेची नको. तळव्याला चमचाभर साजूक तूप नाहीतर खोबरेल लावून टाचेपासून बोटांपर्यंत गोल गोल फिरवायची, एका पायाला 10 मिनिटं भरपूर झाली, मला तर झोपताना केलं की फार शांत वाटतं. तळवा काळा पडतो त्याला लोक उष्णता निघाली म्हणतात, पण तो धातू घासल्याचा काळेपणा असतो, त्यावरून आजार मोजू नका. आणि हे नक्की ऐका, डायबेटिसमुळे पाय बधिर असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, एकच पोटरी सुजून गरम झाली असेल तर अजिबात चोळू नका, शिरेत गुठळी असू शकते, लगेच दवाखाना गाठा. झाल्यावर पाय नीट पुसा हं, फरशीवर घसरायला होतं.