नंबर वहिनींचाही घ्या

माजी सैनिकांच्या घरांतून या महिन्यात बरीच पत्रं आली, त्यातली तीन घेतलीत. पहिल्या दोघांना मी जरा सविस्तर लिहितेय कारण तो त्रास मी स्वतः बघितलाय.

प्रश्न : ताई, माझे वडील जंगी पलटणीत म्हणजे मराठा लाईट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये होते, ७१ च्या बांगलादेश युद्धात जमालपूरच्या लढाईत होते. तिथले पाच जण दरवर्षी १६ डिसेंबरला कुणाच्या ना कुणाच्या घरी जमायचे. फेब्रुवारीत वडील गेले. परवा आई सहज म्हणाली, यंदा कुणाकडे आहे रे? मला काही बोलता येईना कारण कुणाचा फोनच आलेला नाही. आपण होऊन करावा का? बरं दिसेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : करा, आजच करा. फोन आला नाही म्हणजे विसरले असं अजिबात धरू नका. ७१ ला विशी-बाविशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे, ऐकू कमी येतं, फोन सून उचलते, आणि त्यांना वाटत असतं की वहिनींना फोन करून उगाच कशाला रडवायचं. आमचे हे सुभेदार म्हणून पेन्शनीवर आले आणि आठ वर्षांपूर्वी गेले. फोनला लॉक, तो कुणालाच माहीत नाही. शर्टाच्या खिशातली छोटी डायरी सापडली तर त्यात नावं कशी, "बाळू तीन नंबर प्लाटून", "एमटीवाला", "लंगर काका", नुसतंच "गडहिंग्लज". इतकी वर्षं जेवताना रोज ज्यांच्या गोष्टी ऐकल्या त्यातल्या एकाचंही आडनाव मला माहीत नव्हतं. एकेक नंबर लावत बसले, निम्मे बंद. लंगर काका लागले, मी कोण ते सांगितलं तर पलीकडून कितीतरी वेळ आवाजच नाही, मग म्हणाले, वहिनी आठ महिने झाले नंबर काढतो आणि ठेवतो, धीरच होईना.

म्हणून यंदा तुमच्याकडेच ठेवा. जेवण बाहेरून मागवलं तरी चालेल पण आईला स्वयंपाकघरात अडकवू नका, बाहेर सगळ्यांत बसवा. आणि येणाऱ्यांना सांगा की वहिनींना घेऊनच या. ही मंडळी वर्षानुवर्षं जमतात आणि बायका आत भाकऱ्या थापतात, एकमेकींचा नंबरसुद्धा नसतो, मग माणूस गेला की अख्खी पलटण त्या घरातून जाते. त्या दिवशी पाचही घरच्या बायकांचे नंबर एका कागदावर लिहा, पूर्ण नाव, गाव, मुलाचा नंबर, आणि तो कागद फ्रीजवर लावा. आईचं तेव्हा लग्न झालेलं असेल तर ७१ चा डिसेंबर तिचाही आहे. पत्र नाही, बातम्या रेडिओवर, आणि तारवाला गल्लीत दिसला की कुणाच्या घरी वळतोय म्हणून पोटात गोळा. हे तिला कुणी कधी विचारलेलं नसतं, त्या दिवशी विचारा.

साताऱ्याजवळ अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावाची ४६ माणसं गेली, त्यांचं स्मारक आहे तिथे. अशा गावात बाईला पलटण शोधत फिरावं लागत नाही, शेजारच्या चार घरांत मिळते. पण आता मुलं पुणे-मुंबईला, आई त्यांच्या फ्लॅटमध्ये, तिथे मुद्दाम जमवावं लागतं. आणि जुन्या माणसांचा उपयोग कागदपत्रांनाही होतो. लग्नात नाव बदललेलं, पलटणीच्या रेकॉर्डला माहेरचं आणि आधारवर सासरचं, अशा घोळात फॅमिली पेन्शन अडकलेल्या बायका मी बघितल्यात, त्यातून वाट काढायची कशी ते पलटणीतला एखादा जुना क्लार्क बरोबर सांगतो.

प्रश्न : मी १९९९ ला कारगिलला होतो. माझा मित्र माझ्यापासून दहा पावलांवर गेला. रिक्रूटी आम्ही सोबत केली होती. त्याच्या आईवडिलांना मी आजपर्यंत भेटलेलो नाही. आता इतक्या वर्षांनी कुठल्या तोंडाने जाऊ? (एक माजी सैनिक, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही जिवंत आलात आणि तो नाही याचा राग त्या घरात तुमच्यावर असेल असं तुम्हाला वाटतंय. मला भेटलेल्या एकाही वीरमातेच्या तोंडून मी असं कधी ऐकलेलं नाही. त्या उलट हेच विचारतात की त्याच्याबरोबरचं कुणी येतं का हो?

पण २६ जुलैला, कारगिल विजय दिवसाला, जाऊ नका. त्या दिवशी हार असतात, शाळेची पोरं असतात, भाषणं असतात आणि आई खुर्चीवर नुसती बसलेली असते. साध्या दिवशी जा, आधी गावातल्या कुणाकडून तरी निरोप द्या म्हणजे म्हाताऱ्या माणसांना एकदम धक्का बसणार नाही. जेवून जा म्हणाले तर जेवा, मुक्कामाला थांब म्हणाले तर थांबा. लढाईचं आपण होऊन काढू नका. तो काय खायचा, कुणाची नक्कल करायचा, घरचं पत्र आलं की ते कितीदा वाचायचा, हे सांगा. त्यांच्याकडे तो भरतीला गेला तिथपर्यंतचाच आहे, पुढचा सगळा तुमच्याकडे आहे. आई एक गोष्ट विचारणार, त्याला त्रास झाला का. खोटं बोलू नका पण सगळंही सांगू नका, शेवटी मी जवळ होतो एवढं खरं असेल तर तेवढं पुरतं.

अजून एक. बऱ्याच घरांत नंतर वाटण्या झालेल्या असतात, वीरनारी वेगळी राहते, सासू-सासऱ्यांशी बोलणं नसतं, पैशावरून कडू झालेलं असतं. तुम्ही दोन्ही घरी जा आणि इकडचं तिकडे सांगू नका. कोर्टाचं किंवा पेन्शनचं विचारलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा रस्ता दाखवा, स्वतः निवाडा करू नका. एकदा जाऊन थांबू नका, वर्षातून दोन फोन तरी ठेवा. आणि परत आल्यावर तुम्हालाच दोन-चार रात्री झोप लागणार नाही, घरात सांगून ठेवा, जास्त दिवस चाललं तर ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमध्ये डॉक्टरांशी बोला, त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्न : आजोबांचं फक्त डिस्चार्ज बुक, म्हणजे फौज सोडताना मिळालेलं नोंदीचं पुस्तक आहे. त्यांच्या सोबतची माणसं किंवा त्यांची मुलं शोधता येतील का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : येतील, वेळ लागेल. पुस्तकात आर्मी नंबर, रेजिमेंट आणि बटालियन बघा. प्रत्येक रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस असतं, मराठाचं बेळगावला, महारचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिकला. तिथे नातं सांगून पत्र लिहा. ते दुसऱ्याचा पत्ता असाच देणार नाहीत आणि देऊही नये, म्हणून तुमचा नंबर द्या आणि पलटणीच्या माजी सैनिकांपर्यंत पोचवता येईल का ते विचारा. त्याच्याबरोबरच पॉलिक्लिनिकच्या रांगेत आणि मिलिटरी कॅन्टीनबाहेर पुस्तकाची झेरॉक्स घेऊन चार दिवस उभं राहा, तिथे पलटणीचं नाव मोठ्याने घेतलं की कुणीतरी मान वळवतंच. मूळ पुस्तक मात्र घराबाहेर काढू नका.