देहविक्री करणाऱ्या बायकांच्या वस्तीत एचआयव्ही प्रतिबंधासाठी त्यांच्यातल्याच बायका पीअर (सोबतिणींमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्या) म्हणून नेमायला सांगतात. नर्स नेमल्या तर चालणार नाही का?

नर्स हव्यातच, पण तेवढ्यानं भागणार नाही. सांगली-मिरज भागात मी बरीच वर्षं समुपदेशक होते, त्यावरून सांगते.

रात्री गिऱ्हाईक ‘जास्त पैसे घे, पण कंडोम नको’ म्हणून अडून बसतं, तेव्हा नर्स तिथे नसते. शेजारच्या खोलीतली बाई असते. एकटीनं नकार दिला तर ते पुढच्या दारात जातं. सगळी गल्ली ठाम राहिली तर जाणार कुठे? ही एकी बाहेरून कुणी आणून देऊ शकत नाही. सांगलीत मीना शेषू यांच्या ‘संग्राम’ संस्थेनं १९९२ पासून हे ओळखून काम केलं आणि त्यातूनच बायकांची स्वतःची संघटना, वेश्या अन्याय मुक्ती परिषद, उभी राहिली. निरोध वाटणाऱ्या बायकाच पोलिसांच्या आणि गुंडांच्या जाचाविरुद्धही बोलू लागल्या. मार खाण्याच्या धास्तीत जगणारी बाई कंडोमचा आग्रह धरेल तरी कशी?

उपचारातही तेच. सरकारी एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं, २००४ पासून मोफत आहे, आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी लागते. पण ती रोज, जन्मभर. आमच्याकडच्या कितीतरी बायका बेळगाव-बागलकोटकडच्या. सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला गेल्या की तिथून गावी, आणि मग परत कधी येतील याचा नेम नाही. आमची एक पीअर यात्रेआधी खोल्याखोल्यांतून फिरायची, कन्नडमध्ये चौकशी करत गोळ्यांची डबी मागायची आणि कानाशी हलवून बघायची. लेबल खरवडलेलं असायचं, घरवालीला, म्हणजे कोठा चालवणारीला, कळू नये म्हणून. गोळ्या कमी वाटल्या की दुसऱ्या दिवशी त्या बाईला घेऊन एआरटी केंद्रात हजर.

हे प्रतिबंधाचंच काम आहे. पुणे आणि चेन्नईसह नऊ देशांत झालेल्या अभ्यासानं २०११ मध्ये दाखवलं, की लवकर उपचार सुरू केले तर जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटतं. गोळ्या नियमित घेऊन विषाणू चाचणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून लागण होतच नाही.

मात्र दोन गोष्टी पाळा. तपासणीचा निकाल समुपदेशकच सांगेल; त्या बाईनं लेखी संमती दिल्याशिवाय पीअरलाही नाव कळता कामा नये, २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदाही तेच सांगतो. आणि पीअरला किरकोळ मानधनावर राबवू नका. नीट पगार द्या, निर्णयाच्या बैठकीत बसवा.