वायूचा मोलर मास (एका मोलचं वजन, ग्रॅममध्ये) पीव्ही = एनआरटी (दाब × आकारमान = मोल × स्थिरांक × तापमान) वापरून काढला की उत्तर नेहमी कमी का येतं?

सूत्र तुमचं बरोबरच असणार. दाब कुठून घेतलात ते सांगा. डोळे झाकून 760 मिमी (पाऱ्याचे, म्हणजे समुद्रसपाटीचा दाब) धरला असेल तर पुढचं वाचाच.

एफवायला पुण्यात आम्हाला लायटरमधल्या ब्युटेनचं प्रॅक्टिकल होतं. पाण्याने भरलेल्या उलट्या मोजपात्राखाली लायटर धरायचा आणि खटका दाबून ठेवायचा. बुडबुडे इतके सावकाश येतात की 250 मिली भरेपर्यंत माझ्या अंगठ्यावर वळ उठला. लायटर पुसून, ड्रायरने वाळवून वजन केलं, तर 0.53 ग्रॅमची घट. तापमान 27 अंश. फळ्यावर सरांनी लिहिलेला दाब 760. उत्तर 52.2, हवं होतं 58.1. सर म्हणाले, "हात हलला तुझा, गॅस निसटला." जर्नलमध्ये लाल शाईने 'गळती'!

अहो, गॅस पात्राबाहेर निसटला तर लायटरचं वजन घटतं, पण पात्रात तेवढं आकारमान जमत नाही. म्हणजे उत्तर वाढायला हवं. माझं तर कमी आलं होतं!

प्रॅक्टिकल संपल्यावर मी फिजिक्सच्या लॅबमध्ये जाऊन फोर्टिनचा बॅरोमीटर (हवेचा दाब मोजणारं पाऱ्याचं यंत्र) बघितला. 712. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर, इथे 760 कुठून येणार? दाब जास्त धरला की मोल जास्त निघतात आणि उत्तर कमी येतं. शिवाय पात्रात वायूसोबत पाण्याची वाफही असते. 27 अंशाला तिचा दाब 27 मिमी, तो वजा करायचा. राहिले 685. बाकी आकडे तेच ठेवून उत्तर आलं 57.9. सरांना दाखवलं, तर म्हणाले, "जर्नल तपासून झालंय."

मोबाइलवरचा हवेचा दाबही घेऊ नका, तो बहुधा समुद्रसपाटीचा हिशोब करून दिलेला असतो. लायटरच्या चाकाच्या खाचेत पाण्याचा थेंब राहिला तरी उत्तर कमी येतं. पाण्याची पातळी आतबाहेर सारखी करणं, तापमान केल्व्हिनमध्ये घेणं वगैरे तुम्ही करतच असाल. आणि कमी उत्तराला कुणी गळती म्हणालं, तर तिथल्या तिथे कागदावर मांडून दाखवा. मी तेव्हा गप्प बसले.

मुंबईत राहत असाल तर 760 फारसं नडणार नाही, वाफेचं तेवढं बघा.

हो, आणि लायटरमध्ये शुद्ध ब्युटेन क्वचितच असतो, थोडा प्रोपेनही असतो, त्याचा मोलर मास 44. त्यामुळे सगळं नीट करूनही 58च्या थोडं खाली येऊ शकतं. माझ्या 57.9 मध्ये थोडं नशीबही होतं. हे सरांना मात्र मी कधी सांगितलं नाही.